घर पाहावे भाड्याने देऊन!

भाड्याच्या उत्पन्नासाठी दुसरी सदनिका घेणाऱ्यांची संख्या शहरांत मोठी आहे. मात्र कागदावर चार टक्के दिसणारा परतावा हातात पडेपर्यंत निम्म्यावर येतो, आणि करारात कसूर राहिली तर तोही धोक्यात येतो. घरमालक होण्यापूर्वी समजून घ्यावे असे हिशेब, कायदे आणि कष्ट.

पुणे, प्रतिनिधी

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे म्हणतात. या दोन्ही परीक्षांतून पार पडलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबासमोर पन्नाशीच्या आसपास तिसरी परीक्षा उभी राहते. मुलांची शिक्षणे संपत आलेली असतात, पहिल्या घराचे कर्ज फिटलेले असते आणि हाती थोडी पुंजी असते. बँकेच्या ठेवींवरील व्याज पुरेसे वाटत नाही आणि शेअर बाजाराची धास्ती वाटते. अशा वेळी 'एक फ्लॅट घेऊन भाड्याने टाकू, निवृत्तीनंतर तेवढेच पेन्शन' हा विचार स्वाभाविकपणे पुढे येतो.

हा विचार चुकीचा नाही. भाडे महागाईबरोबर काही प्रमाणात वाढते, मालमत्ता डोळ्यांसमोर असते आणि अडीनडीला मुलांच्या उपयोगी पडते. परंतु घर भाड्याने देणे ही मुदत ठेवीसारखी निवांत गुंतवणूक नव्हे. तो एक छोटा व्यवसाय आहे. त्याला खर्च आहेत, कागदपत्रे आहेत, कर आहेत आणि समोर एक माणूस आहे, ज्याचे घर म्हणजे मालकाची गुंतवणूक आहे. अनेक वर्षांची बचत एकाच सदनिकेत अडकवताना हा व्यवसाय समजून घेतला नाही, तर आधार म्हणून घेतलेले घरच उतारवयात डोकेदुखी ठरू शकते.

चार टक्के ते दीड टक्का

प्रथम हिशेब पाहू. पुण्यात कोणी ६० लाख रुपयांची सदनिका घेतली आणि तिला दरमहा २० हजार रुपये भाडे मिळते, असे समजू. वर्षाचे भाडे २ लाख ४० हजार रुपये, म्हणजे किमतीच्या ४ टक्के. दलाल आणि विक्रेते सांगतात तो परतावा हाच. देशातील मोठ्या शहरांत निवासी सदनिकांचे भाडे किमतीच्या साधारण २ ते ४ टक्क्यांच्या घरात असते, त्या मानाने हे उदाहरण चांगलेच म्हणावे लागेल.

पण सदनिका ६० लाखांत पडत नाही. पुणे शहरात पुरुषाच्या नावे खरेदी असल्यास मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्थेचा आणि मेट्रोचा अधिभार मिळून ७ टक्के भरावे लागतात, म्हणजे ४ लाख २० हजार रुपये. महिलेच्या नावे खरेदी केल्यास एक टक्का सवलत मिळते. नोंदणी शुल्काचे ३० हजार रुपये वेगळे. दिवे, पंखे, गीझर, कपाटे, स्वयंपाकघरातील ट्रॉल्या आणि रंगकाम यांसाठी दीड लाख रुपये धरले, तर प्रत्यक्ष गुंतवणूक ६६ लाखांवर जाते.

आता वर्षाचा खर्च. दोन भाडेकरूंच्या मध्ये घर महिनाभर रिकामे राहिले, तर २० हजार गेले. दलालीपोटी एक महिन्याचे भाडे, म्हणजे आणखी २० हजार. गृहनिर्माण संस्थेची मासिक देणी मालक भरत असेल, तर दरमहा ३ हजारांप्रमाणे ३६ हजार. मिळकतकर १२ हजार. संस्थेचे बिनभोगवटा शुल्क ३ हजार. नळ, गळती, रंग, गीझर अशी किरकोळ दुरुस्ती १५ हजार. या सर्वांची बेरीज १ लाख ६ हजार होते. मालकाच्या हाती उरतात १ लाख ३४ हजार रुपये, म्हणजे ६६ लाखांवर सुमारे २ टक्के.

प्राप्तिकर अजून बाकी आहे. प्रत्यक्ष मिळालेल्या २ लाख २० हजार रुपये भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा केला जातो आणि उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. ही वजावट दुरुस्ती, दलाली अशा सर्व खर्चांपोटी असते. प्रत्यक्ष खर्च त्याहून अधिक झाला, तरी सर्वसाधारणपणे वेगळी वजावट मिळत नाही. या उदाहरणात करपात्र उत्पन्न १ लाख ४५ हजार ६०० रुपये होते. मालक २० टक्के कराच्या टप्प्यात असल्यास उपकरासह सुमारे ३० हजार रुपये कर लागतो. अखेर हातात पडतात १ लाख ४ हजारांच्या आसपास, म्हणजे जेमतेम दीड टक्का.

थोडक्यात, भाडे हे या गुंतवणुकीचे मुख्य उत्पन्न नाही. घराची किंमत वाढेल, हा खरा भरवसा असतो. आणि किंमत दरवर्षी वाढतेच असे नाही. मागील दशकाच्या मध्यापासून २०२० पर्यंत मुंबई आणि पुण्याच्या अनेक भागांत किमती जवळपास थिजल्या होत्या. २०२० च्या अखेरीस खरेदी हलावी म्हणून राज्य सरकारला मुद्रांक शुल्कात तात्पुरती तीन टक्क्यांची कपात करावी लागली होती. तेव्हा दहा वर्षांत घर दुप्पट होईल, हे गृहीत धरून निवृत्तीचा आराखडा आखणे धाडसाचे ठरते.

कर्ज काढून भाड्याचे घर?

'भाड्यातून हप्ता फिटेल' हा दुसरा लोकप्रिय समज. वरील सदनिकेसाठी ४५ लाख रुपयांचे कर्ज ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ३९ हजार रुपये येतो. भाडे २० हजार, तेही वर्षातील अकरा महिने आणि खर्च वजा जाता त्याहून कमी. म्हणजे दरमहा किमान २० हजार रुपये पगारातून किंवा बचतीतून घालावे लागतात. निवृत्तीला पाच वर्षे उरली असताना असे कर्ज घेणाऱ्याने, पगार थांबल्यावर हे पैसे कोठून येणार, याचे उत्तर आधी शोधलेले बरे.

कर्जावरील व्याजाची करसवलतही पूर्वीसारखी राहिलेली नाही. भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जाचे व्याज घरभाड्याच्या उत्पन्नातून वजा करता येते. व्याज भाड्यापेक्षा जास्त असल्यास होणारा तोटा पगारासारख्या अन्य उत्पन्नातून वजा करण्याची मर्यादा २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून २ लाख रुपये आहे. त्यावरील तोटा पुढील आठ वर्षांत घरभाड्याच्याच उत्पन्नातून वजा करता येतो. मात्र हे जुन्या करपद्धतीत. २०२३-२४ पासून जी नवी करपद्धती आपोआप लागू होते, तिच्यात हा तोटा अन्य उत्पन्नातून वजा करता येत नाही आणि पुढेही ओढता येत नाही. केवळ 'टॅक्स वाचतो' म्हणून दुसरे कर्ज घेण्याचे कारण त्यामुळे बहुतेकांसाठी उरलेले नाही.

बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात घर घेतल्यास ताबा मिळेपर्यंत भाडे शून्य आणि हप्ता मात्र सुरू. अशा प्रकल्पाची महारेराकडील नोंदणी, ताब्याची जाहीर तारीख आणि प्रकल्पावरील तक्रारी संकेतस्थळावर पाहता येतात. तयार घर घेताना भोगवटा प्रमाणपत्र आहे का, सूची क्रमांक दोनवर विक्रेत्याचे नाव आहे का, संस्थेच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे का, आणि मागील देणी थकीत नाहीत ना, हे तपासणे आवश्यक. भाडेकरू या गोष्टी विचारत नाही. पुढे घर विकायला काढल्यावर खरेदीदार आणि त्याची बँक मात्र हमखास विचारतात.

अकरा महिन्यांची भीती कोठून आली?

घर भाड्याने दिले की भाडेकरू ते बळकावतो, ही भीती मराठी घरमालकाच्या मनात खोल रुजलेली आहे. तिला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली. युद्धानंतरच्या घरटंचाईत भाडेकरूला संरक्षण देण्यासाठी केलेला हा तात्पुरता कायदा वारंवार मुदतवाढ मिळून अर्धशतक टिकला. महागाई वाढत गेली, भाडी तेथेच राहिली. मालकांनी दुरुस्ती सोडली, चाळी मोडकळीस आल्या आणि पागडीचा समांतर व्यवहार उभा राहिला.

१९७३ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी लीव्ह अँड लायसन्स तत्त्वावर जागेत राहणाऱ्यांनाही तिने भाडेकरूचे संरक्षण दिले. तात्पुरती म्हणून दिलेली जागा कायमची गेली, असा अनुभव त्या पिढीतील अनेक मालकांना आला. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत, असे मत नोंदवले. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे.

भीती मात्र कायद्यापेक्षा दीर्घायुषी ठरली. परिणामी अनेक जण घर भाड्याने देण्याऐवजी कुलूप लावून ठेवतात. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली होती. एकीकडे घरांची टंचाई आणि दुसरीकडे बंद दारे, या विसंगतीमागे इतर कारणांबरोबर ही भीतीही आहे.

करार नोंदवलाच पाहिजे

आजच्या कायद्यात मालकाला पुरेसे संरक्षण आहे. अट एकच, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. १९९९ च्या कायद्यातील कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी असणे आणि नोंदवणे बंधनकारक आहे. त्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

शिक्षेपेक्षाही गंभीर बाब पुढची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर जागा दिली याविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर टंकलिखित करून नोटरीचा शिक्का मारलेला करार पुरेसा आहे, हा समज त्यामुळे महाग पडू शकतो. नोटरी करणे म्हणजे नोंदणी नव्हे.

'अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही' हाही असाच गैरसमज. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवण्याची सक्ती केंद्रीय नोंदणी कायद्यात आहे. ती टाळण्यासाठी अकरा महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात कलम ५५ मुळे मुदत कितीही असली तरी नोंदणी चुकत नाही. लीव्ह अँड लायसन्स करार ६० महिन्यांपर्यंत करता येतो. भाडेकरू चांगला असेल, तर दरवर्षी नव्याने करार करण्याऐवजी दोन-तीन वर्षांचा करार, त्यात ठरलेली वार्षिक भाडेवाढ आणि दोन्ही बाजूंना नोटिशीची मुदत, ही व्यवस्था अधिक सोयीची. दलालीचा आणि रिकाम्या महिन्याचा खर्चही वाचतो.

नोंदणीचा खर्च फार नाही. एकूण भाडे आणि परत करावयाच्या अनामत रकमेवरील वार्षिक १० टक्के दराने काढलेले व्याज, यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागते. दरमहा २० हजार भाडे, ६० हजार अनामत आणि ११ महिन्यांची मुदत असेल, तर हे शुल्क सुमारे ५६५ रुपये होते. शहरी भागात नोंदणी शुल्क १ हजार रुपये आहे. आधार क्रमांक आणि बोटांचे ठसे यांच्या आधारे ही नोंदणी दुय्यम निबंधक कार्यालयात न जाता ऑनलाइनही होते.

मुदत संपली, पण घर सुटेना

नोंदणीकृत कराराचा खरा उपयोग येथे दिसतो. निवासासाठी दिलेल्या जागेची मुदत संपूनही राहणारा जागा सोडत नसेल, तर कलम २४ नुसार मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत राहणाऱ्याने बाजू मांडण्याची परवानगी मागितली नाही, तर मालकाचे म्हणणे मान्य झाले असे समजून जागा सोडण्याचा आदेश निघू शकतो. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट भाड्याच्या दराने भरपाईही मागता येते.

हा मार्ग दिवाणी दाव्यापेक्षा सरळ असला तरी झटपट मात्र नाही. समन्स बजावणे, तारखा आणि आदेशाची अंमलबजावणी यांत वेळ जातो. त्या काळात भाडे बंद आणि हप्ता सुरू, अशी स्थिती येऊ शकते. शिवाय ही तरतूद निवासी जागेपुरती आहे. दुकान किंवा कार्यालयासाठी दिलेल्या गाळ्याला हा मार्ग खुला नाही. जास्त भाड्याच्या आशेने गाळ्यात पैसे गुंतवणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

चिडलेला मालक कधी कधी पाणी तोडतो, वीज बंद करतो किंवा कुलूप बदलतो. हे बेकायदा आहे. आवश्यक सेवा तोडण्यास १९९९ च्या कायद्याने मनाई केली आहे. अशा कृतीमुळे बाजू योग्य असलेला मालकच पोलिस ठाण्यात आरोपी म्हणून उभा राहू शकतो.

'बारा वर्षे राहिला की घर भाडेकरूचे' ही धास्तीही निराधार आहे. मालकाच्या परवानगीने, करारानुसार राहणाऱ्याचा ताबा हा विरोधी ताबा ठरत नाही. नुसती वर्षे मोजून त्याला मालकी मिळत नाही.

संस्था आणि पोलिस

करार झाल्यावर दोन ठिकाणी माहिती द्यावी लागते. पहिले गृहनिर्माण संस्था. घर भाड्याने देण्याची पूर्वसूचना आणि नोंदणीकृत कराराची प्रत संस्थेला द्यावी. संस्था बिनभोगवटा शुल्क आकारू शकते. मात्र राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असता कामा नये, आणि सेवा शुल्कात मिळकतकर धरायचा नाही. घरात मालकाचे आईवडील, मुले, विवाहित मुलगी असे जवळचे नातेवाईक राहत असतील, तर हे शुल्क लागत नाही. काही संस्था सर्वसाधारण सभेत ठराव करून याहून मोठी रक्कम उकळतात. असा ठराव शासन आदेशापुढे टिकत नाही आणि उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

दुसरे ठिकाण पोलिस ठाणे. भाडेकरूची माहिती कळवण्याचे आदेश पोलिस आयुक्तालये वेळोवेळी काढतात. त्यांचे उल्लंघन केल्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. ही माहिती ऑनलाइन भरता येते. त्याची पोच जपून ठेवावी.

मिळकतकराचाही फरक पडतो. पुणे महापालिका हद्दीत मालक स्वतः राहत असेल, तर मिळणारी ४० टक्के सवलत भाड्याने दिलेल्या घराला लागू होत नाही. भाडे ठरवण्यापूर्वी हा वाढीव कर हिशेबात घ्यावा.

अनामत, यादी आणि गळती

बहुतेक भांडणे घर ताब्यात देताना आणि परत घेताना होतात. कारण असते अनामत रक्कम. भिंतीवरचा डाग कोणाचा, गीझर कोणी बिघडवला, शेवटचे वीजबिल कोणी भरायचे, हे सारे त्या रकमेवर येऊन आदळते. उपाय साधा आहे. घर देताना पंखे, दिवे, नळ, कपाटे, किल्ल्या आणि विजेच्या मीटरवरील आकडा यांची यादी करावी, छायाचित्रे काढावीत आणि दोघांनी सही करावी. नेहमीच्या वापराने होणारी झीज मालकाची आणि निष्काळजीपणाने झालेले नुकसान भाडेकरूचे, हे करारात स्पष्ट लिहावे. किती रुपयांपर्यंतची दुरुस्ती भाडेकरूने परस्पर करावी, हेही ठरवावे.

अनामत म्हणजे मालकाचे उत्पन्न नव्हे, ती परतफेडीची रक्कम आहे. मुंबईत भाड्याऐवजी मोठी अनामत घेण्याची 'हेवी डिपॉझिट' पद्धत चालते. मालक ती रक्कम दुसरीकडे गुंतवतो किंवा खर्च करतो आणि मुदत संपल्यावर ती एकरकमी उभी करता येत नाही, अशी अवस्था होते. रक्कम परत मिळेपर्यंत जागा न सोडण्याची भाडेकरूची भूमिका अशा वेळी समजण्यासारखी असते.

दुरुस्तीत सर्वांत तापदायक प्रकार स्नानगृहातील गळतीचा. पाणी खालच्या सदनिकेच्या छतात उतरते, तक्रार संस्थेकडे जाते आणि दुसऱ्या शहरात असलेल्या मालकाला फोन येतो. गच्चीतून होणारी गळती संस्थेची जबाबदारी असते. सदनिकेतील न्हाणी, शौचालय किंवा सिंक यांमुळे होणाऱ्या गळतीचा खर्च सदस्याला करावा लागतो. फरशा उखडून जलरोधक काम करायचे म्हटले, तर दोन-तीन महिन्यांचे भाडे त्यात सहज जाते. कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी असलेल्या वसाहतींत गीझर आणि नळ लवकर निकामी होतात. हे खर्च अपवादात्मक नव्हेत. त्यांसाठी दरवर्षी एक महिन्याचे भाडे बाजूला ठेवणारा मालक अडचणीत येत नाही.

भाडेकरू निवडताना

चांगला भाडेकरू मिळणे हा नशिबाचा भाग मानला जातो. बऱ्याच अंशी तो चौकशीचा भाग आहे. नोकरीचे ओळखपत्र, पगाराची पावती, कायमचा पत्ता आणि आधीच्या घरमालकाशी फोनवर बोलणे, एवढे केले तरी निम्मे धोके टळतात. भाडे उत्पन्नाच्या मानाने झेपणारे आहे का, हा मुख्य प्रश्न असावा.

प्रत्यक्षात प्रश्न वेगळेच विचारले जातात. आडनाव, धर्म, आहार, लग्न झाले आहे की नाही, एकटी मुलगी रात्री किती वाजता येते, यावरून घरे नाकारली जातात. यात अन्याय तर आहेच, मालकाचे नुकसानही आहे. वेळेवर भाडे देणाऱ्या, घर नीट ठेवणाऱ्या भाडेकरूला या निकषांवर नाकारून घर दोन महिने रिकामे ठेवले, तर वर्षाच्या परताव्याचा मोठा हिस्सा तेथेच संपतो.

भाडेवाढीचाही असाच विचार करावा. बाजारभावापेक्षा हजार रुपये कमी देणारा, पण चार वर्षे टिकणारा भाडेकरू, दरवर्षी बदलणाऱ्या भाडेकरूपेक्षा किफायतशीर असतो. वरील उदाहरणात हजार रुपये कमी घेतल्याने वर्षाला १२ हजारांचे नुकसान होते. भाडेकरू बदलल्याने दलाली आणि रिकामा महिना मिळून ४० हजारांचे.

परदेशस्थ मालकांसाठी

अमेरिका, ब्रिटन किंवा आखाती देशांत राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांची पुणे, मुंबई, नाशिक येथे घरे आहेत. त्यांच्यासाठी नियम थोडे वेगळे आहेत. मालक प्राप्तिकराच्या दृष्टीने अनिवासी असल्यास भाडे देतानाच ३० टक्के कर आणि त्यावर उपकर कापण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते, मग भाडे कितीही असो. जादा कापलेला कर विवरणपत्र भरून परत मागता येतो. भाडे साधारणपणे एनआरओ खात्यात जमा केले जाते. अनेक भाडेकरूंना या कपातीची कल्पना नसते. करारातच ती नमूद केली, तर पुढचा मनस्ताप टळतो. येथे देखरेख करणाऱ्या नातेवाइकाला दिलेले कुलमुखत्यारपत्र विशिष्ट कामापुरते मर्यादित असावे. भाडेकरार करण्याच्या अधिकाराबरोबर विक्रीचा अधिकार देण्याची गरज नसते.

मालक निवासी असेल आणि भाडे दरमहा ५० हजारांहून अधिक असेल, तर वैयक्तिक भाडेकरूलाही कर कापावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून हा दर ५ वरून २ टक्के झाला आहे. जुन्या करपद्धतीत घरभाडे भत्त्याची सवलत घेणाऱ्या नोकरदाराचे वार्षिक भाडे एक लाखाहून जास्त असल्यास त्याला मालकाचा पॅन द्यावा लागतो. भाडे रोखीत घेऊन विवरणपत्रात न दाखवण्याचे दिवस त्यामुळे सरले आहेत.

बाहेर पडण्याचा रस्ता

गुंतवणूक करताना ती मोडण्याचा विचारही करावा लागतो. मुदत ठेव एका दिवसात मोडता येते, म्युच्युअल फंडाची थोडी युनिट्स विकता येतात. आजारपणासाठी पाच लाख हवेत म्हणून सदनिकेची एक खोली विकता येत नाही. विक्रीस अनेक महिने लागू शकतात. दोन वर्षांहून अधिक काळ ठेवलेले घर विकल्यास दीर्घकालीन भांडवली नफ्यावर कर लागतो. २३ जुलै २०२४ पासून त्याचा दर महागाई निर्देशांकाचा लाभ न घेता १२.५ टक्के आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला निर्देशांकासह २० टक्के, या जुन्या पद्धतीने येणारा कर कमी असल्यास तेवढाच भरण्याची मुभा आहे.

स्थावर मालमत्तेत गुंतवणूक हवी, पण भाडेकरू, गळती आणि संस्थेच्या सभा नकोत, अशांसाठी 'रीट' हा पर्याय २०१९ पासून देशातील शेअर बाजारांत उपलब्ध आहे. त्यात मोठ्या कार्यालयीन इमारतींच्या भाड्याचा वाटा मिळतो आणि युनिट्स थोड्या रकमेतही घेता-विकता येतात. भाव खाली-वर होण्याची जोखीम मात्र त्यातही आहे.

घर भाड्याने देण्यापूर्वी

• खर्च आणि कर वजा करून निव्वळ परतावा काढावा. वर्षातील एक महिना घर रिकामे राहील, असे धरावे.
• निदान सहा महिन्यांचा हप्ता आणि संस्थेची देणी भरता येतील, एवढी रक्कम हाताशी ठेवावी.
• भाडेकरूची नोकरी, पत्ता आणि आधीच्या घराची चौकशी करावी.
• करार नोंदवल्याशिवाय किल्ली देऊ नये.
• वस्तूंची यादी, छायाचित्रे आणि मीटरवरील आकडा यांवर दोघांच्या सह्या घ्याव्यात.
• संस्थेला आणि पोलिसांना माहिती देऊन पोच घ्यावी.
• भाडे आणि अनामत बँकेमार्फतच घ्यावी.
• मुदत संपण्यापूर्वी दोन महिने नूतनीकरणाची बोलणी करावी. मुदत उलटलेल्या करारावर भाडे घेत राहू नये.

दुसरे घर घ्यावे की नाही, याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. राहते घर कर्जमुक्त आहे, आजारपणाची आणि नित्य खर्चाची वेगळी तरतूद आहे, आणि घराकडे लक्ष द्यायला वेळ व माणूस आहे, अशा कुटुंबाला भाड्याची सदनिका चांगली साथ देते. ज्यांची सारी बचत त्या एकाच सदनिकेत जाणार आहे, त्यांना मात्र एक थकलेला भाडेकरू किंवा सहा महिने रिकामे राहिलेले घरही जड जाऊ शकते. टोकनची रक्कम देण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन वरील हिशेब आपल्या आकड्यांनी एकदा मांडावा, आणि करार व करविषयक बाबींत जाणकाराचा सल्ला घ्यावा.